जुनं जीएसपी पिस्तूल : दुरुस्ती आणि देखभालीच्या नोंदी

११ मे २०२५

परवान्यावर नोंद झाली आणि पिस्तूल घरी आलं. वॉल्थर जीएसपी, म्हणजे स्पर्धेतल्या नेमबाजीचं जर्मन पिस्तूल, .२२ लाँग रायफल गोळीचं, १०७ मिमी बॅरल, पाच गोळ्यांचं मॅगझिन ट्रिगरच्या पुढे. देखणं वगैरे अजिबात नाही. लांबून ड्रिल मशीन वाटावं असा चौकोनी अवतार. अप्पांनी ते वर्षानुवर्षं स्पर्धांत चालवलं, मग मोतीबिंदू झाला आणि ते कपाटात गेलं.

बॅरलवर हरणाच्या शिंगाचं चिन्ह आहे. ती जर्मनीतल्या उल्म शहराच्या प्रूफ हाउसची, म्हणजे शस्त्रं तपासून पास करणाऱ्या केंद्राची, खूण. शेजारी ‘आय सी’ अशी दोन अक्षरं. जर्मन पद्धतीत ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असं मोजत जायचं. जे वगळायचा आणि के म्हणजे ९. म्हणजे आय ८, सी २. हे पिस्तूल १९८२ साली चाचणीतून पास झालं. माझ्याहून दोन वर्षांनी मोठं.

नवं मॅच पिस्तूल घ्यायचं तर काही लाख आणि आयातीची कागदपत्रं. तो विचार सोडला. स्पर्धेचं नियमपुस्तक समोर ठेवून बघितलं तर ‘अपग्रेड’ला जागाही फार नाही. २५ मीटर पिस्तूल प्रकारात बॅरल जास्तीत जास्त १५३ मिमी, दोन साइटमधलं (नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांमधलं) अंतर जास्तीत जास्त २२०, वजन १४०० ग्रॅमपर्यंत, ट्रिगर किमान १००० ग्रॅम, आणि अख्खं पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमीच्या खोक्यात बसलं पाहिजे. जीएसपीचं साइट-अंतर आधीच २२० आहे. ज्या लांबीमुळे नेम सुधारतो ती लांबी नियमाला टेकलेली. मग उरतं काय? झिजलेलं बदलणं आणि अप्पांच्या हाताला बसलेलं माझ्या हाताला बसवणं.

अप्पांचा फोन आलाच. “अगं, ट्रिगरला हात लावू नकोस. बाकी काय वाटेल ते कर.”

१८ मे

बालेवाडीच्या रेंजवर. सफाई मुद्दामच केलेली नाही. भोसरीत क्वालिटीत काम करते, तिथली सवय: मशीन खोलायच्या आधी ते आज कसं चालतंय ते लिहून ठेवायचं. नाहीतर नंतर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही.

वाळूच्या पिशवीवर टेकवून २५ मीटरवर दहा गोळ्या. ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, केंद्रापासून केंद्रापर्यंत उभा ४६ मिमी, आडवा २४. प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेमाच्या फेरीच्या, टार्गेटच्या दहाच्या रिंगचा व्यास ५० मिमी असतो, म्हणजे जेमतेम दहात. पण उभा-आडवा इतका फरक का? टेकवून मारताना माणसाची चूक चारी बाजूंना सारखी पसरायला हवी. एकाच दिशेला ताणलेला ग्रुप दिसला की आधी साइटवर संशय घ्यायचा.

रिअर (मागच्या) साइटचं पान बोटाने वर-खाली केलं तर हलतंय. फीलर गेज (फट मोजायच्या पत्त्या) घातलं: ०.१५ मिमीची पत्ती जाते. आता हिशेब. साइट-अंतर २२० मिमी, टार्गेट २५,००० मिमीवर. मागची साइट जितकी सरकेल त्याच्या साधारण ११४ पट गोळी सरकते. ०.१५ मिमीचे झाले १७ मिमी. दहाच्या रिंगची त्रिज्या २५. नुसत्या ढिल्या पानानेच त्यातले १७ खाल्ले. अप्पा शेवटच्या वर्षांत “डोळे गेले” म्हणत कुरकुरत होते. डोळे गेलेच असतील, पण साइटही त्यांच्यासोबत गेली होती.

गोळी अडकण्याचा प्रकारही झाला. तीन मॅगझिन आहेत. तिन्हींच्या बुडाला नेलपॉलिशने एक, दोन, तीन ठिपके दिले आणि कुठली गोळी कशात अडकली ते वहीत लिहीत गेले. सगळ्या तक्रारी दोन ठिपक्यांच्या नावावर. मॅगझिनवर खूण नसती तर मी बोल्ट (गोळीमागे पुढे-मागे सरकणारा भाग), एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारा आकडा), चेंबर (गोळी बसते तो कप्पा) यांच्यामागे लागले असते. जुनं सेमी-ऑटो पिस्तूल घेणाऱ्याने पहिलं काम हेच करावं.

२५ मे

उद्या-परवा पाऊस येणार म्हणतात, मे महिन्यातच. त्याआधी सफाई उरकली.

.२२ ची घाण सेंटरफायरपेक्षा, म्हणजे पिन पुंगळीच्या मधोमध मारते त्या गोळ्यांपेक्षा, वेगळी असते. गोळी उघड्या शिशाची, वरून मेणाचं किंवा ग्रीससारखं वंगण. त्यात न जळलेली दारू आणि पुंगळीच्या कडेत भरलेल्या प्रायमरचा, म्हणजे ठिणगीच्या मसाल्याचा, चुरा मिसळतो. वर कुणीतरी प्रेमाने भरपूर तेल सोडलेलं असलं की काही वर्षांत त्याचा डांबरासारखा थर बनतो. अप्पांनी प्रेम भरपूर केलं होतं.

बोल्ट बाहेर काढला. बोल्टचं तोंड आणि एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालची खाच टूथपिकने साफ केली. तिथून निघालेला थर इतका घट्ट होता की त्याला आकड्याचा आकार आला होता. आकड्याची धार भिंगाखाली बघितली, ती शाबूत आहे. याच खाचेत घाण साठली की आकडा पुंगळीच्या कडेवर पुरता बसत नाही, आणि मग लोक नवा एक्स्ट्रॅक्टर शोधत फिरतात.

बॅरल नेहमी चेंबरच्या बाजूने. तोंडाकडून सळई घातली तर ती क्राउनला घासते, आणि बॅरल सोडताना गोळीला शेवटचा स्पर्श त्याच कडेचा होतो. तिथे एका बाजूला झीज झाली की मागून सुटणारा गॅस गोळीला वाकडा धक्का देतो. मी सळई वापरतच नाही. कापडी पुल-थ्रू, सॉल्व्हंटचे दोन-तीन थेंब, थोडा वेळ मुरू द्यायचं, पुन्हा ओढायचं. पितळी ब्रश फक्त चेंबरच्या पुढच्या कडेला, तिथे शिशाची कडी जमली होती म्हणून. बाकी बॅरलला ब्रश लावला नाही. .२२ च्या बॅरलमध्ये शिसं आणि मेणाचा पातळ थर असतो तो असू द्यावा. तो पूर्ण खरवडला की पुढच्या काही गोळ्या भरकटतात आणि थर परत बसला की ग्रुप परत येतो.

मोबाइलला जोडायचा स्वस्त एंडोस्कोप आत घालून बघितला. चेंबरच्या काठावर, फायरिंग पिन आपटते तिथे, बारीकशी खूण आहे. कुणीतरी कधीतरी रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर केलंय. रिमफायरमध्ये पिन मधोमध मारत नाही, कडेवर मारते; आत पुंगळी नसेल तर ती थेट चेंबरच्या पोलादावर. रोज असं झालं की तिथे बुरी उठते, पुंगळी अडकून बसते. ही खूण उथळ आहे, पुंगळ्या सुरळीत निघतायत, म्हणून तिच्या वाटेला गेले नाही. घरी सरावासाठी चेंबरमध्ये भिंतीत ठोकायची प्लास्टिकची गिट्टी घालते. कडेच्या मऊ प्लास्टिकवर पिन पडते. खड्डा पडला की थोडी फिरवायची, गाळ झाला की फेकायची.

तेल: बोल्ट जिथे घासतो तिथे बोटाने पुसटसं. चेंबर आणि मॅगझिन कोरडे.

८ जून

परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्यांकडे. माझ्या कंपनीत टूलरूम आहे, ग्राइंडर आहे, स्प्रिंग बनवणारे ओळखीचे आहेत. तरी शस्त्राचा भाग तिथे न्यायचा नाही. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि ‘एक छोटासा पार्ट आहे, बघ ना’ म्हणून एखाद्या फिटरला अडचणीत टाकणं मला पटत नाही.

दुरुस्तीवाले चाचा जुन्या वळणाचे. पिस्तूल हातात घेतलं, उघडून चेंबर रिकामं असल्याची स्वतः खात्री केली, मग विचारलं, “ताई, पुंगळ्या कुठे पडतात?” मी वहीतलं सांगितलं: आधी उजवीकडे हातभर अंतरावर, शेवटी शेवटी पार बाजूच्या लेनमध्ये. ते हसले. रिकॉइल स्प्रिंग थकली की बोल्ट जोरात मागे जाऊन आपटतो आणि पुंगळी लांब उडते. उलट पुंगळ्या पायाशीच पडू लागल्या तर घाण साठलीय, घर्षण वाढलंय किंवा गोळीत दम नाही. नुसत्या पुंगळ्यांच्या जागेवरून त्यांनी अर्धं निदान केलं.

स्प्रिंग बदलली. साइटच्या पानाला ताण देणारी स्प्रिंगही बदलली, आता सगळ्यात बारीक पत्तीसुद्धा जात नाही. दोन नंबरच्या मॅगझिनचा एक ओठ बाहेर वळलेला निघाला. तो त्यांनी बाकी दोन मॅगझिनशी ताडून सरळ केला, पण मला बजावलं की एकदा वाकलेला पत्रा पुन्हा वाकतो. ते सरावापुरतं.

ट्रिगरचं काम मात्र त्यांच्यासमोर बसून बघितलं. जीएसपीत ट्रिगरचं अख्खं युनिट एकत्र बाहेर येतं, ही या पिस्तुलाची सर्वांत शहाणी गोष्ट. ही युनिट दोन वजनांत यायची: .२२ साठी १००० ग्रॅम आणि .३२ च्या सेंटरफायरसाठी, जुन्या नियमानुसार, १३६०. आपलं १००० चं. मी घरून एक किलोचं प्रमाणित वजन नेलं होतं. तपासणी जशी स्पर्धेत होते तशीच: बॅरल उभं आकाशाकडे, वजन ट्रिगरच्या मधोमध अडकवून टेबलावरून उचलायचं. उचललं गेलं पाहिजे, घोडा पडता कामा नये. आपलं कधी उचलायचं, कधी पडायचं. चाचांनी आतली सुकलेली ग्रीस धुतली, दुसऱ्या टप्प्याचा स्क्रू किंचित फिरवला. आता १००० दर वेळी उचलतं, ४० ग्रॅम जास्त टाकले की पडतं. एवढी फट हवीच. धूळ आणि उकाडा यांना थोडी जागा ठेवावी लागते.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा मोह मला कधीच झाला नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरचं इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं एअर पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बंद पडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. ते पिस्तूल वेगळं, प्रकार वेगळा. तरी यांत्रिक ट्रिगरला काय झालंय ते डोळ्यांनी दिसतं, याचं मला बरं वाटतं.

२१ जून

पालख्या पुण्यात, रस्ते बंद. काम नाही. लाकूड मात्र मिळालं: एका पाडलेल्या वाड्याच्या तुळईचा सागवानाचा तुकडा, टिंबर मार्केटमधल्या दुकानदाराने जवळजवळ फुकट दिला.

१३ जुलै

ग्रिप. या अख्ख्या कामात खरं अपग्रेड म्हणावं असं हेच.

अप्पांचा पंजा माझ्या दीडपट. त्यांच्या अक्रोडाच्या ग्रिपमध्ये माझं बोट ट्रिगरवर पोचतं ते टोकाने, आणि मागे ओढताना पिस्तुलाचं नाक डावीकडे वळतं. प्रिसिजनमध्ये हे सांभाळून घेता येतं. रॅपिडमध्ये नाही. टार्गेट तीन सेकंद समोर येतं, मग सात सेकंद पाठ. हात ४५ अंशांवर खाली, तिथून उचलून एकच गोळी. त्या तीन सेकंदांत साइट जुळवायला वेळ नसतो, हात वर येतानाच ती जुळलेली यावी लागते, आणि ते ठरवते ग्रिप. अनिसा सय्यदने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलात आणि राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाईत सुवर्ण मिळवलं ते याच २५ मीटर पिस्तुलात. एक आमच्या खडकीची, एक कोल्हापूरची. त्यांचे जुने व्हिडिओ बघताना टार्गेट सोडून मी त्यांचं मनगट बघत बसते.

अप्पांची ग्रिप कापायची नाही हे आधीच ठरवलं होतं. ती पुडक्यात बांधून ठेवली. आतली खाच व्हर्निअरने मोजली, पुठ्ठ्याचा साचा केला आणि सुतारकाकांना तेवढाच दिला. पिस्तूल त्यांच्याकडे गेलं नाही. सागवान निवडलं कारण शंभर वर्षं छपराखाली सुकलेलं लाकूड पावसाळ्यात फारसं फुगत नाही. शिसवी दिसायला भारी, पण जड. मागचं वजन वाढलं की नाकाचा तोल बिघडतो, आणि जीएसपीची सगळी मजा नाकाच्या वजनात आहे.

ओबडधोबड आकार आल्यावर टूलरूमची युक्ती. दोन पृष्ठभाग कुठे टेकतात ते बघायला आम्ही एकाला निळा रंग फासून दुसऱ्यावर घासतो. इथे हाताला टाल्कम पावडर लावून ग्रिप धरली. सागवानावर पांढरे डाग उमटले, ते उंचवटे. तेवढेच कानस आणि पॉलिश पेपरने घासायचे, पुन्हा पावडर. तळहाताच्या खळग्यात उलट पोकळी होती, तिथे एम-सील भरून सुकू दिलं आणि घासलं. रंग भयानक दिसतो. दिसू दे.

तळहाताखालचा टेकू हाताशी काटकोनापेक्षा वर वळलेला चालत नाही, मनगटाला काही टेकलेलं चालत नाही. जाडीची मर्यादा तर बऱ्याच जणांना ऐन तपासणीत कळते. म्हणून पुठ्ठ्याचा ३०० × १५० × ५० चा खोका बनवून घरात ठेवलाय. दर वेळी एम-सील वाढवलं की पिस्तूल खोक्यात घालून झाकण लागतं का बघायचं. अंगठ्याचा टेकू त्यापायी चार मिमी तासावा लागला.

शेवटी पंचने बारीक टिचे मारून पृष्ठभाग खरखरीत केला आणि जवसाच्या तेलाचे हात दिले. चकचकीत पॉलिश नको, घामाने निसटतं.

२७ जुलै

सतत भुरभुर. पुस्तकांना बुरशी, बुटांना बुरशी. पिस्तुलाच्या पेटीतला फोम हातात घेतला तर गार, दमट. फोम पाणी धरतो आणि पोलाद त्याला दिवसरात्र चिकटून असतं. पावसाळ्यापुरतं पिस्तूल फोमच्या पेटीतून काढून तेलाच्या कापडात, कुलूपबंद लोखंडी कपाटात. निळ्या सिलिका जेलच्या पुरचुंड्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर परत निळ्या होतात. रेंजवरून आल्यावर आधी घाम पुसायचा, मग चहा.

बोल्टच्या मागच्या कोपऱ्यात तांबूस ठिपका दिसला. तेल आणि मऊ कापडाने गेला. पॉलिश पेपर लावायचा नाही, ब्लूइंग (पोलादावरचा काळपट निळा थर) निघतं.

१७ ऑगस्ट

गोळ्यांची चाचणी. मिळतात त्यातले तीन प्रकार, तिन्ही स्टँडर्ड व्हेलॉसिटी, ४० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. हाय व्हेलॉसिटी या पिस्तुलात घालायची नाही. त्याचा बोल्ट आणि स्प्रिंग त्यासाठी नाहीत, आणि कागदाला भोक पाडायला जास्त वेग लागत नाही.

पहिला प्रकार ३४ मिमी, दुसरा २३, तिसरा २९, उभे-आडवे जवळपास सारखे. महागडा कोणता होता? तिसरा. .२२ च्या बॅरलला किंमत कळत नाही, त्याला लॉट, म्हणजे एका वेळी बनलेली खेप, कळतो. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये फरक पडतो, म्हणून डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवला आणि दुसऱ्या प्रकाराचा त्याच लॉटचा परवान्यात बसेल तेवढा साठा घेतला. डबे गाडीच्या डिकीत ठेवत नाही, उन्हात वंगण वितळतं.

२३ मिमी आलं तेव्हा अप्पांना टार्गेटचा फोटो पाठवला. उत्तर: “माझ्या वेळी साइट हलत होती म्हणजे!” त्यानंतर बराच वेळ त्यांचे जुने स्कोअर येत राहिले, प्रत्येकात दहा-पंधरा गुण वाढवून.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. सासूबाईंनी पाटावर कात्री, विळी, माझा व्हर्निअर, लेकाचा लॅपटॉप सगळं मांडलं आणि म्हणाल्या, “तुझं ते कुठंय?” हळदकुंकू साइटच्या खाचेत गेलं की आठवडाभर निघत नाही, हे त्यांना सांगितलं. शेवटी रिकाम्या पेटीला पूजा, झेंडूचं फूल कुलपात अडकवलेलं. पिस्तूल कपाटातच.

१२ ऑक्टोबर

दमटपणा संपला, पिस्तूल पेटीत परत, फोम नवीन. सध्याची स्थिती: रिअर साइट घट्ट, ट्रिगर वजनावर, पहिलं आणि तिसरं मॅगझिन स्पर्धेसाठी. ग्रिप दसऱ्यानंतर आणखी एकदा पावडर लावून बघितली. करंगळीखाली एक डाग राहतोय, तो तसाच ठेवलाय कारण तिथे दाब आला की मनगट सैल पडलेलं लगेच कळतं.

न केलेल्या गोष्टी: वजनं लावली नाहीत, पिस्तूल बाराशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि तीन सेकंदांच्या फेरीत मला तेवढंच पेलतं. नवी फ्रंट साइट घेतली नाही. बॅरलला काहीही केलं नाही.

मागवायचं: रिकॉइल स्प्रिंग एक जास्तीची, फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर, जमलं तर एक मॅगझिन. जुन्या मॉडेलचे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होतायत, आणि मॅगझिन तर लोक सोन्यासारखं धरून बसतात. चाचा म्हणाले नाशिकच्या एका जुन्या नेमबाजांकडे चौकशी करतो. दिवाळीनंतर फोन करायचाय.

अप्पांना रविवारी रेंजवर आणायचं ठरलंय. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांची अक्रोडाची ग्रिप पुडक्यातून काढून ठेवली आहे. एका स्क्रूचं काम.